मोहरीएवढी गळती

रिंगमधली गळती शेवटी माझ्यात सापडली. डाव्या बाजूला, शर्टाचा खिसा सुरू होतो त्याच्या जरा वर, मोहरीएवढी जागा. सापडली तेव्हा मुजावरला आणि मला आधी बरंच वाटलं. पावसाळा संपल्यापासून आम्ही ती शोधत होतो आणि वाकून वाकून दोघांचंही कंबरडं मोडलं होतं.

आमची प्रयोगशाळा मोठी आहे. जमिनीखाली एक गोल बोगदा आहे, आणि त्यात स्टीलची एक नळी लांबच लांब फिरून स्वतःलाच येऊन मिळते. तिला आम्ही रिंग म्हणतो. रिंगमधून काय पळतं ते शास्त्रज्ञांना ठाऊक. ते फार लहान असतं आणि त्याला वाटेत हवा चालत नाही. ती हवा काढून टाकायचं काम व्हॅक्यूम सेक्शनचं, म्हणजे मुजावरचं आणि माझं. पेपरात प्रयोगशाळेचा फोटो येतो तेव्हा आम्ही फोटोग्राफरच्या मागे उभे असतो, त्याच्या दिव्याची वायर धरून.

गळती शोधायची पद्धत सोपी आहे. एक यंत्र असतं, त्याला फक्त हेलियम ओळखता येतो. ते रिंगला जोडायचं आणि बाहेरून एकेका जोडावर थोडा थोडा हेलियम सोडत जायचं. भोक असेल तिथून तो आत शिरतो आणि यंत्र ओरडतं. यासाठी बाजारात चांगली बंदूक मिळते. आम्ही फुटबॉलचं ब्लॅडर वापरतो. ब्लॅडरमध्ये हेलियम भरायचा, ते काखेत धरायचं आणि हलकेच दाबत इंजेक्शनच्या सुईतून जोडावर सोडायचं. सुरुवात नेहमी वरून, कारण हेलियम वर जातो. खालून सुरुवात केली तर यंत्र भलत्याच जोडाच्या नावाने ओरडतं.

त्या दिवशी ब्लॅडर मुजावरच्या काखेत होतं आणि मी यंत्रापाशी बसलो होतो. एक जोड संपवून तो घाम पुसायला माझ्याकडे वळला आणि यंत्र ओरडलं.

"काय लावलंस?" मी विचारलं.

"काय न्हाई. तुझ्याकडं वळलो फक्त."

इथे नवीन माणूस हमखास फसतो. हेलियम कपड्यांत मुरतो, केसांत बसतो, आणि मग जिथे भोक नाही तिथेही यंत्र ओरडत राहतं. आम्ही नवीन नव्हतो. मुजावर म्हणाला, "वर जा, शर्ट झटकून ये." मी वर गेलो, शर्ट झटकला, कँटीनमध्ये चहा घेतला आणि परत आलो. त्याने सुई माझ्याकडे धरली. यंत्र ओरडलं. मी शर्ट काढला. ते आणखी जोरात ओरडलं. मग त्याने शिस्तीत मला वरून खाली तपासायला घेतलं. डोकं, कान, मान, खांदे. खिशाच्या जागेपाशी आला तेव्हा काटा पार शेवटाला जाऊन टेकला. रिंगला माझा कुठेही स्पर्श नव्हता. मधून एक माणूस आरामात हातगाडी घेऊन गेला असता.

"घावली बघ," मुजावर म्हणाला आणि खाली फरशीवर बसला.

डॉक्टर हळबे आल्या. त्या आमच्या मॅडम. रिंग त्यांची, म्हणजे ती चालली तर हार त्यांना आणि बंद पडली तर बोलणीही त्यांनाच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्या छातीजवळ डोळा आणला.

"फार स्वच्छ गळती आहे," त्या म्हणाल्या. "एरवी जोड कसे वेडेवाकडे फाटतात."

"आता काय करायचं, मॅडम?"

"आता लाल लावा. कायमचं नंतर बघू."

लाल म्हणजे लाल वार्निश. बारीक गळतीवर त्याचा ठिपका दिला की काम भागतं. ते तात्पुरतं असतं. आमच्या रिंगवर असं तात्पुरतं लाल ठिकठिकाणी आहे, त्यातलं काही माझ्या लग्नाच्या आधीचं आहे. मुजावरने ब्रशने माझ्या छातीवर ठिपका दिला आणि त्यावर फुंकर मारली.

"दुखतंय काय?"

"नाही."

खरंच दुखत नव्हतं. मी थकलो होतो एवढंच. पण थकलेला मी कित्येक वर्षं होतो, त्यामुळे ते लक्षण म्हणून धरता येईना. मॅडमनी मला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. माझ्या नोकरीत हे प्रथमच घडत होतं, आणि मला ते फारसं आवडलं नाही.

घर मागेच, कॉलनीत. घरी मालन होती. मालन म्हणजे माझी बायको. ती बोलते. पाणी किती वाजता आलं आणि किती गढूळ होतं, भाजीवाल्याने मेथीच्या जुडीत काय काय खपवलं, खालच्या मजल्यावरच्या कुंदाताईंनी आपला मुलगा परदेशात नेमकं काय करतो याबद्दल आज कोणती नवी गोष्ट सांगितली, असं सगळं. मी ऐकतो. कॉलनीतल्या लोकांना वाटतं, खटावकर बिचारा आहे. दिवसभर पंपांची घरघर ऐकून आलेल्या माणसाला ते बोलणं काय असतं, हे लोकांना कसं कळावं? मी घरी येतो तो त्यासाठीच. जेवण काय, कँटीनमध्येही मिळतं.

मालनने चहा ठेवला. तो लगेच उकळला. मी घोट घेतला.

"कोमट आहे," मी म्हणालो.

"डोळ्यांदेखत उकळला की हो!"

तिने पुन्हा ठेवला. पुन्हा खळखळून वर आला, शेगडीवर सांडला. मी बोट घालून पाहिलं, आंघोळीच्या पाण्यासारखा लागला. मला कारण ठाऊक होतं. हवा विरळ झाली की पाणी तापायच्या आधीच उकळतं. मी शर्टाची बटणं काढली. लाल ठिपका नव्हता. तो आत ओढला गेला होता आणि वर कातडी स्वच्छ होती.

खिडकीचे पडदे माझ्याकडे झुकले होते. बाहेर वारा नव्हता. मी दिवाणावरून उठून खुर्चीत जाऊन बसलो, तेव्हा पडदे खुर्चीकडे वळले.

मी मालनला सगळं सांगितलं. तिने मधे न बोलता ऐकून घेतलं, आणि तेवढ्यानेच मला काळजी वाटायला लागली.

"म्हणजे आपल्या घरातली हवा तुमच्यातून तिकडे जाते?"

"हो."

"तुमच्या त्या नळीत?"

"हो."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत त्यांना?"

"काय बोलणार?"

"तेच म्हणते मी. बाकीच्यांना बढत्या दिल्या, तुम्हाला भोक दिलं."

भात कच्चा राहिला. पोळी मात्र नेहमीसारखी झाली, तव्याला हवेशी देणंघेणं नसतं. जेवताना मालन कुंदाताईंचं काहीतरी सांगत होती आणि वाक्याच्या मधेच थांबून श्वास घेत होती, जिना चढून आल्यासारखी. मी उठून सगळ्या खिडक्या उघडल्या. त्याने जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तेवढ्याने भागेना, म्हणून मी कामावरून आलो की आम्ही संध्याकाळी बाहेरच्या पायरीवर बसायला लागलो. मग समोरच्या दोरीवरचे कपडे आमच्याकडे झुकायला लागले, आणि कुंदाताईंच्या पिंजऱ्यातला पोपट चोच उघडी टाकून बसला. त्यांनी पिंजरा आत नेला आणि दार लावून घेतलं.

गळती वाढते. आपली आपण कमी झालेली गळती मी नोकरीत पाहिलेली नाही. मालनचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. आधी पलीकडच्या खोलीतून बोलल्यासारखा, मग पलीकडच्या घरातून. तिची बडबड तशीच होती, ती पोचवायला हवा पुरत नव्हती. एका संध्याकाळी तिचे ओठ हलत होते, ती हातवारे करत होती, स्वतःच्याच बोलण्यावर हसत होती, आणि माझ्यापर्यंत काहीही येत नव्हतं. मग मला दिसलं की तिचे ओठ जांभळे पडलेत.

मला भीती वाटली. इतकी भीती मला तिच्या ऑपरेशनच्या वेळीही वाटली नव्हती. मी घरी यायचो ते तिला ऐकायला, आणि मी घरी आलो की तिचा जीव कासावीस व्हायचा. ही गाठ मला एकट्याला सुटेना. सकाळी मी मॅडमकडे गेलो.

"मॅडम, हे बंद करा," मी म्हणालो. "माझ्या बायकोला श्वास पुरत नाही."

"मीही तेच सांगणार होते," मॅडम म्हणाल्या. "प्रयोगवाल्यांची तक्रार आहे. त्यांच्या आलेखात रोज संध्याकाळी फोडणी येते."

आम्ही दिवसभर खपलो. मुजावरने मेण लावलं, ते आत गेलं. रबरी बूच लावलं, बूच गेलं. जोडांमधे बसवतात तसं तांब्याच्या चकतीचं नवंकोरं गॅस्केट लावलं, कारण वापरलेलं गॅस्केट आम्ही कधीच पुन्हा लावत नाही. तेही नाण्यासारखं सुळकन गेलं आणि आत कुठेही वाजलं नाही. शेवटी मुजावर वैतागला आणि त्याने भोकावर अंगठाच दाबून धरला. यंत्राचा काटा झपकन खाली आला. यंत्र गप्प झालं. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

मग मुजावरने अंगठा ओढून काढला. बाटलीचं झाकण उघडल्यासारखा आवाज झाला. त्याने अंगठा दिव्याकडे धरून पाहिला, मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याशेजारी ठेवून पाहिला. तो नखाभराने आखूड झाला होता.

"लगेच काढला म्हणून," तो म्हणाला. "आणखी थोडा वेळ ठेवला असता तर निघाला नसता. बसायलाच लागला होता."

"म्हणजे माणसाचं कातडं धरतं," मॅडम म्हणाल्या.

मुजावरने अंगठा मुठीत झाकून घेतला.

"पण हात देऊन बसायला कोणाला सांगणार?" त्या पुढे म्हणाल्या. आणि त्यांनी खरंच कोणाला सांगितलं नाही. माणूस म्हणून त्या वाईट नाहीत. "खटावकर, मी तुमच्या मापाचं झाकण बनवायला टाकते. ते येईपर्यंत तुम्ही खालीच बसा. इथली हवा कोरडी असते, गाळलेली असते, रिंगला सोसते. घरीही त्रास नाही."

"झाकण कधी येईल?"

"बनवायला टाकते."

मला बोगद्यात स्टूल दिलं. शेजारी भिंतीवर फोन होता, तो घरी लावून दिला. सोय चांगली होती. घरी हवा परत आली असणार, भात शिजत असणार, मालनचे ओठ लाल झाले असणार. मी स्वतःला हे सारखं सांगत होतो. फोन वाजला की मी उचलायचो आणि कानाला लावायचो. ती बोलत असायची. ते मला तारेच्या थरथरीवरून कळायचं, बोटांना मुंग्या यायच्या. आवाज येत नव्हता. माझ्या कानाजवळ आता आवाज धरण्यापुरतीही हवा उरत नव्हती. तरी मी मुंग्या थांबेपर्यंत फोन कानाला लावून बसायचो, आणि मग तो ठेवून रडायचो. कोणाला दिसत नव्हतं, कारण डोळ्यातलं पाणी गालावर यायच्या आधी उकळून जायचं.

बोगदा माझ्याकडे ओढला जाऊ लागला. आधी छत खाली आलं. पूर्वी वरची ट्यूब बदलायला शिडी लागायची, आता बसल्या बसल्या माझा हात पोचू लागला. दार इतकं लांब होतं की तिथून चालत यायला लोक कुरकुर करायचे. ते रोज थोडं थोडं जवळ येत गेलं, आणि एका सकाळी वळणावरच दिसलं. सगळ्यांना बरं वाटलं, चालणं वाचलं. रिंगचा घेरही आखडला. मी मॅडमना ते दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या की कागदावर तो पूर्वीइतकाच आहे आणि प्रयोग कागदाप्रमाणे चालू आहे. मी त्यांचे ओठ वाचत होतो. एव्हाना मला ते बऱ्यापैकी जमायला लागलं होतं.

नळ्या जागच्या जागी आहेत का ते मोजणारे सर्व्हेवाले आले. त्यांनी दुर्बिणीतून माझ्याकडे पाहिलं, मला डावीकडे सरकवलं, मग अगदी थोडं उजवीकडे, आणि माझ्या खांद्यावर काळी फुली मारली.

"हलू नका," त्यातला एक म्हणाला.

"किती वेळ?"

"फुली मारली की हलायचं नसतं," तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. फुली मारलेल्या नळीला मी स्वतः कोणाला हात लावू दिला नव्हता.

मग बेकिंग झालं. नळीच्या अंगात पाणी मुरलेलं असतं, ते बाहेर काढायला तिला गरम पट्ट्या गुंडाळतात आणि वरून चांदीचा कागद. हे काम मुजावरचं आणि माझं. या वेळी ते एकट्या मुजावरला करावं लागलं. श्वास घ्यायला मधे मधे दाराबाहेर जात त्याने माझ्या पायांपासून सुरुवात केली. छातीपाशी त्याने मोहरीएवढी जागा मोकळी ठेवली, कारण मोजणी तिथून व्हायची होती. मी आयुष्यभर नळ्या गुंडाळल्यात, त्यामुळे तो कुठे घाई करतो आणि कुठे सुरकुती ठेवतो ते मला नीट कळत होतं. पण त्याचा अंगठा आखूड झाला होता, कागद धरायला त्याला जड जात होतं.

पट्ट्या तापल्या. समोरच्या पडद्यावर माझ्यातून काय काय निघतंय ते दिसायला लागलं. आधी पाणी निघालं, ते सगळ्यांचंच निघतं. मग पडद्याच्या एका कडेला, जिथे एरवी काही नसतं, तिथे एक उंच रेघ उभी राहिली.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

मुजावरने मान तिरकी करून पाहिलं.

"थकवा हाय, मॅडम. आमच्यात सगळ्यांचा तिथंच येतो."

"कधी संपेल?"

"खटावकर जुना माणूस हाय."

ती रेघ आठवडाभर तशीच राहिली. पंप तो थकवा ओढत होते आणि तो येतच होता. मला वाटलं होतं, निदान हलकं तरी वाटेल. विहीर उपसावी आणि झरा चालूच असावा, तसं झालं. मी पूर्वीइतकाच थकलेला होतो, फक्त आता तो थकवा सगळ्यांना पडद्यावर दिसत होता. शास्त्रज्ञांच्या कार्ट्यांना दाखवायला शाळेची सहलही आणली होती म्हणतात, पण बोगद्यात एवढी माणसं मावेनात म्हणून परत पाठवली. बोगदा तोवर आमच्या मोरीएवढा झाला होता. स्टुलावर बसलो की माझे गुडघे दाराला लागायचे. रिंग माझ्या पाठीमागून निघून बगलेखालून पुन्हा पाठीमागे जायची.

"झाकण?" मी मॅडमना रोज विचारायचो.

"बनतंय," त्या म्हणायच्या. मग पडद्याकडे बघत एकदा म्हणाल्या, "एखाद्या माणसाने स्वतःहून हात दिला, तर गोष्ट वेगळी."

"कोणाला सांगू नका," मी म्हणालो. "कोणालाही नाही. माझ्या घरी तर अजिबात नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांनी शब्द पाळला. मालनला मुजावरने सांगितलं. ती रोज गेटवर येऊन त्याला धरायची, आणि शेवटी त्याने तिला अंगठा दाखवला. मला वाटतं, ती घाबरून परत जाईल म्हणून त्याने तो दाखवला. तो तिला नीट ओळखत नव्हता.

त्या सकाळी दार उघडलं आणि दारात मालन उभी होती. मागे मुजावर, त्याच्या मागे मॅडम. मुजावरने तिला श्वास भरून घेऊन तो आत धरायला सांगितलं असणार, कारण तिचे गाल फुगलेले होते. पाण्यात बुडी मारायला निघालेल्या पोरीसारखी ती दिसत होती. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. मग ती हातभर अंतरावर उभी आहे आणि श्वास धरून उभी आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मी हाताने तिला जा, जा म्हणून खुणा केल्या.

ती गेली नाही. तिने माझ्या अंगावरचा चांदीचा कागद पाहिला, खांद्यावरची फुली पाहिली. ओठ हलवून तिने काहीतरी विचारलं. मला वाटतं, "जेवलात का?" असं विचारलं. तेवढ्यात तिच्या तोंडातली होती नव्हती ती हवा गेली आणि तिचा चेहरा ओढला. मी पुन्हा दाराकडे बोट दाखवलं. तिने माझा हात बाजूला केला, आणि दुधाच्या भांड्यावर ताटली ठेवावी तसा आपला उजवा तळवा माझ्या छातीवर ठेवला.

कानात फट्ट झालं आणि सगळा आवाज एकदम आला. पंपांची घरघर, मुजावरचा खोकला, मॅडमच्या चपलांची चरचर, आणि मालनने घेतलेला लांबलचक श्वास. यंत्र गप्प झालं होतं. पडद्यावरची रेघ खाली बसली. माझ्या अंगातून काहीतरी निघणं थांबलं, आणि मला इतकं बरं वाटलं की काय वाटतंय तेच आधी कळेना.

"अगं बाई," मालन म्हणाली. "येतं का ऐकू?"

"येतं," मी म्हणालो.

"हात काढू नका," मॅडम दारातून म्हणाल्या. "प्लीज. अशीच राहा."

"वहिनी, काढा," मुजावर म्हणाला. "आत्ता ओढला तर निघंल. मी लगेच काढला म्हणून एवढ्यावर भागलं."

"थांबा हो भाऊ, आत्ताच तर आले," मालन म्हणाली. "किती दिवसांचं साठलंय. ऐका हो तुम्ही. कुंदाताईंचा पोपट मेला नाही. मेल्यासारखा पडला होता, त्यांनी घरभर रडारड केली, पुरायला खड्डा खणला, आणि खड्ड्यात ठेवला तर उठून शिव्या द्यायला लागला. त्याला त्या शिव्या कोणी शिकवल्या हे आता सगळ्या कॉलनीला कळलंय. आणि आपल्या मोगऱ्याला..."

प्रत्येक शब्द येत होता. अक्षर न् अक्षर येत होतं, ती जीभ टाळ्याला लावते तेव्हा होणारा आवाजसुद्धा. तिचे ओठ लाल होते. मी डोळे मिटून घेतले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, तेव्हा तर मला ती बोलते हेही माहीत नव्हतं.

"खटावकर," मुजावर अगदी हळू म्हणाला. "सांग तिला. तुझं ऐकंल."

"हो," मी म्हणालो.

मला सांगायचंच होतं. हात काढ, घरी जा, मागे वळून बघू नकोस, असं. शब्दही तोंडात तयार होते. फक्त तिला मधेच तोडायचं जिवावर आलं होतं. ती श्वास घ्यायला थांबेल, तेव्हा सांगावं, म्हणून मी वाट बघत होतो. पण आता तिला हवा भरपूर होती आणि ती थांबत नव्हती. मोगऱ्यावरून ती पाण्यावर आली, पाण्यावरून तिच्या बहिणीच्या सुनेवर, आणि मुजावरने तोंड दुसरीकडे वळवलं. "मग ती म्हणते कशी," मालन म्हणाली, आणि बोलता बोलता तिच्या मनगटातली पहिली बांगडी माझ्या छातीला टेकली, मग दुसरी.